पश्चिमेस वड आहे म्हणे!

आमच्या रानाच्या पश्चिमेला ओढा आहे. आज्जाच्या आधीपासून आहे, दर पावसाळ्यात बांध खातो. पण वाटणीपत्रात पश्चिमेला काय लिहिलंय? ‘आलद मर’. वडाचं झाड! अख्ख्या शिवारात एक वड दाखवा, हात जोडतो.

आज्जाचा दस्त मुंबई इलाख्यातला, मोडीत. वाचणार कोण? म्हणून वाटणीच्या वेळी बाबांनी चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंच्या हद्दी, तोंडी सांगितली. ते म्हणाले ‘वढा’, दस्त लिहिणाऱ्या बाँड रायटरनं ऐकलं ‘वड’, आणि लिहिलं कन्नडात; आता आमचं गाव कर्नाटकात ना. बाबांना कन्नड बोलता येत होतं, वाचता नाही. झाली सही.

पूर्वेला ज्याचं नाव आहे तो माणूस जाऊन तीस वर्षं झाली. पोरांनी रान विकलं, घेणाऱ्यानंही विकलं, हद्द अजून त्या मेलेल्याच्याच नावावर. दक्षिणेला तर ‘याच सर्व्हे नंबरातील राहिलेली जमीन’. कुणाची राहिलेली? तिथं पोटहिस्से पडून चार मालक झालेत हो!

उताऱ्यावर एकर-गुंठे-आणे आहेत की, म्हणाल. आहेत. ३३ बाय ३३ फुटांचा गुंठा, त्याचे १६ आणे, ४० गुंठ्यांचा एकर, सगळं तोंडपाठ आहे. पण क्षेत्र आणि चतुःसीमा जुळली नाही तर कोर्ट बहुतेक वेळा चतुःसीमाच धरतं. म्हणजे सगळ्यात वजनदार ओळ तीच, आणि तीच ऐकीव! नोंदणी कचेरीत आधार तपासतील, अंगठा घेतील, फोटो काढतील. हद्द मात्र मागच्या कागदावरनं जशीच्या तशी उतरवायची. जागेवर जाऊन बघायला कुणाचे पाय मोडलेत?

आता दहा गुंठे विकायचेत. तुकडा विकायचा म्हणून ११-ई, म्हणजे त्या तुकड्याचा सरकारी मोजणी नकाशा, काढला. सर्व्हेअर मशीन घेऊन आले, मोजणी चोख. हद्दीचा एक दगड तेवढा सापडला, शेजाऱ्याच्या गोठ्याची पायरी झालेला. (त्यावर वेगळं भांडण, ते परत कधीतरी.) तर घेणाऱ्याचा वकील म्हणतो, नकाशात ओढा, कागदात वड, आधी चूक-दुरुस्ती पत्र करा. त्याला सगळ्या वाटणीदारांच्या सह्या. एक काका पुण्यात, आत्या दहा वर्षं बोलत नाही.

काल काकू म्हणाली, “एवढं कशाला पळतोस? एक वडच लाव की रे तिथं.”

ओढ्यात?