‘मागाल ते मिळेलच’ या संदेशाबद्दल खुलासा

कोल्हापुरातल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर बायबलमधल्या योहान १४:१४ चा आधार देऊन एक संदेश फिरतोय: येशूच्या नावाने मागितलं की मिळतंच, नाही मिळालं, तर विश्वास कमी. हे चुकीचं आहे. १ योहान ५:१४ मध्ये देवाच्या इच्छेप्रमाणे मागण्याची अट स्पष्ट आहे. याकोब ४:३ तर थेट हेतूवर बोट ठेवतो: चैनीसाठी मागितलेलं मिळत नाही. पण प्रत्येक नकारामागे वाईट हेतूच असतो, असंही नाही. प्रेषित पौलाने शरीरातला काटा (त्याला छळणारा त्रास) जावा म्हणून तीनदा विनवलं, काटा राहिला. खुद्द येशूने गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला टळावा अशी प्रार्थना केली आणि तरीही पित्याची इच्छा पुढे ठेवली. सीपीआर या इथल्या सरकारी रुग्णालयात रुग्णाच्या उशाशी बसलेल्या नातेवाइकांना हा संदेश कृपया पाठवू नका.