फिरतं, पण नीट फिरत नाही

माझं घड्याळ २०० मीटर खोल पाण्यासाठी बनवलंय. मी बादलीच्या पुढे गेलेलो नाही. तरीही त्याच्या बेझलने, म्हणजे काचेभोवतीच्या फिरत्या कड्याने, माझी झोप उडवली होती. बोट काढलं की ते केसभर मागे सरकायचं आणि त्यावरचा ठिपका बाराच्या खुणेशेजारी अंग चोरून उभा राहायचा. आवाजही ‘कट्’ नाही, ‘खर्रिक्’. बायकोला दाखवलं. “फिरतंय ना? मग?” काही दुःखं घरात सांगण्यासारखी नसतात.

हे कडं वेळ मोजायला असतं: ठिपका मिनिटकाट्यावर आणायचा, की पुढे किती मिनिटं गेली ते त्यावर दिसतं. ते फक्त काट्यांच्या उलट दिशेने फिरतं. कारण रास्त आहे. पाण्याखाली धक्का लागलाच, तर वेळ जास्त गेलेली दिसावी आणि माणूस हवा संपायच्या आत वर यावा. आयएसओ ६४२५ हे पाणबुड्यांच्या घड्याळांसाठीचं मानकही बजावतं की ते चुकून फिरता कामा नये. फिरवताना कसं वाटावं, यावर मात्र चकार शब्द नाही! मी या कड्यावर कपडे किती वेळ भिजले ते बघतो, तो भाग वेगळा.

शेवटी काचेवर चिकटपट्टी लावली आणि पातळ पात्याने कडं उचकटलं. आत घाम, धूळ आणि साबण यांचा राखाडी लगदा दात्यादात्यांत ठासून भरलेला. रबरी रिंग सुकून ताठ. आणि ज्या स्प्रिंगवर ‘कट्’चा हा सगळा रुबाब, ती निघाली जिभा वर वाकवलेली एक पातळशी पत्र्याची चकती.

कोमट साबणपाणी, जुना टूथब्रश, रिंगेला सिलिकॉन ग्रीसचा पुसटसा हात. इथे थांबणारा माणूस सुखी होतो. मी चिमट्याने जिभा किंचित वर केल्या. कडं हलवायला दोन्ही हात लागले, दातांचाही विचार झाला. किंचित खाली केल्या, तर ते शर्टाच्या बाहीने फिरू लागलं. एका ‘किंचित’च्या पोटात इतके ‘किंचित’ असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता मात्र तिजोरीच्या कुलपासारखा खणखणीत कट् येतो. पूर्ण फेरीत १२०. परवा मीटिंगमध्ये साहेबांचं भाषण मोजायला ठिपका मिनिटकाट्यावर आणत होतो, तो एक कट् पुढे गेला. कडं मागे येत नाही, म्हणजे आणखी ११९. साठाव्या कट्ला साहेब बोलायचे थांबले. उरलेले ५९ सगळ्यांनी मिळून ऐकले.