ध्रुव पुन्हा पहिल्यापासून

कॉमिक्सवरच्या एका लेखात म्हटलंय, वाचायची सुटलेली मालिका पुन्हा पहिल्या अंकापासूनच धरावी. अगदी पटलं. राज कॉमिक्सचा हिंदी कॉमिक्स-हिरो सुपर कमांडो ध्रुव माझा दहावीत सुटला होता. गेल्या महिन्यात इथे नाशिकला शालिमारजवळ रद्दीवाल्याकडे गठ्ठा मिळाला, पिना गंजलेल्या, मुखपृष्ठावर भाड्याच्या लायब्ररीचा जांभळा शिक्का. रोज रात्री दोन वाचतोय. लेखक-चित्रकार अनुपम सिन्हांनी १९८७ मध्ये आणलेला हा हिरो मला आजही सगळ्यांत जवळचा वाटतो. अंगात दैवी ताकद नाही. सर्कशीत वाढलेला पोरगा, पशुपक्ष्यांची भाषा जाणतो, बाकी सगळं डोक्यानं आणि विज्ञानानं! राज कॉमिक्सचाच दुसरा हिरो नागराज, त्याचं तसं नाही, त्याच्या अंगात सापांची ताकद आहे, पण त्याची सुरुवातीची चित्रं आपल्या पुण्याच्या प्रताप मुळीकांची, हे आवर्जून सांगावंसं वाटतं. मधले काही अंक अजून हवेत. नाशिकमध्ये कुणाकडे असतील तर सांगा, वाचून जपून परत करीन.