क्रूझर आणि मेथीची जुडी

महाराष्ट्रात सरळसोट, रुंद आणि मोकळे म्हणावेत असे मोठे रस्ते दोन. एक 2002 सालापासून पूर्ण सुरू असलेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि दुसरा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग. दोन्हींवर दुचाकीला बंदी आहे. पन्नाशी ओलांडल्यावर मी नेमकी अशाच रस्त्यांसाठी घडवलेली मोटरसायकल घेतली आणि ती सदाशिव पेठेत आणून लावली.

क्रूझर म्हणजे आरामखुर्चीला इंजिन बसवल्यावर जे होतं ते. सीट खाली, हँडल आपल्या दिशेने वळलेलं, पाय पुढे. शोरूममधला मुलगा मोठा गोड होता. "सर, दोन्ही पाय टेकतात ना? मग विषयच संपला." टेकत होते खरे. सीटची उंची 765 मिलिमीटर, त्यामुळे माझ्यासारख्या मध्यम उंचीच्या माणसाचे तळवेसुद्धा पुरते जमिनीला लागतात. त्याच पत्रकात दोन ओळी खाली वजन लिहिलं होतं, 191 किलो. तिथे त्याचा अंगठा होता.

ही जात मूळची अमेरिकेची. हार्ले-डेव्हिडसनवाल्यांनी 1903 मध्ये मिलवॉकीला दुकान थाटलं, आणि त्या देशात असे रस्ते आहेत की सकाळी हँडल धरलं की जेवणाच्या वेळेपर्यंत वळवायची गरज नाही. तिथे गाडीने हट्टाने सरळ जाणं हा सद्गुण. म्हणून पुढचं चाक धरणारा दांडा, म्हणजे फोर्क, जास्त कलता ठेवतात आणि दोन चाकांतलं अंतर वाढवतात. आपल्याकडे 2001 मध्ये कावासाकी-बजाजची एलिमिनेटर आली, 2002 मध्ये एनफिल्डची थंडरबर्ड, 2005 मध्ये अ‍ॅव्हेंजर. माझी 2020 साली बाजारात आलेली मीटिअर 350. या सगळ्यांचा पिंड एकच: सरळ चला.

आमच्या गल्लीत सरळ असं काही नाही. कोपऱ्यावर जुन्या वाड्याची भिंत पुढे आलेली, तिच्यासमोर विजेचा डीपी, आणि दोहोंच्या मधे एक रिक्षा जी कधीच कुठे जात नाही. हळू वेगात मोठी गाडी वळवायचं शास्त्र मी पाठ केलं होतं. हाफ क्लच, मागच्या ब्रेकवर हलका पाय, पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, आणि जिथे जायचंय तिकडे बघायचं. गाडी नजरेमागे जाते म्हणे. ही शेवटची सूचना शंभर टक्के खरी आहे. अडचण इतकीच की पेठेत जिथे जायचंय तिथे कायम कुणीतरी उभं असतं. मी रिक्षाकडे बघितलं, गाडीने आज्ञा पाळली. मडगार्डात आणि रिक्षात बोटभर अंतर उरलं तेव्हा आतून झोपमोड झालेला आवाज आला, "काका, आणखी थोडी लांब मिळाली नाही का?"

तेव्हापासून त्या कोपऱ्यावर मी इंजिन चालू ठेवून दोन्ही पायांनी चालत वळतो. रुबाब असतोच, पण बदकाचा.

घरच्या पूजेबद्दल थोडक्यात सांगतो. आईने हळदकुंकू लावायला हात उचलला आणि थबकली. स्कूटरला समोर कपाळासारखी सपाट जागा असते, हिला नुसता गोल दिवा. "कुठं लावू रे?" शेवटी दिव्याच्या काचेवरच बोट टेकलं. रात्री समोरच्या भिंतीवर उजेडाच्या मधोमध त्या बोटाची सावली पडली होती. ती पुसायची माझी हिंमत नाही.

खरा कस स्पीडब्रेकरला लागतो. स्कूटरवर, साध्या मोटरसायकलवर आपण नकळत किंचित उठतो, गुडघे दणका खाऊन घेतात. इथे पाय पुढे असल्यामुळे उठायला आधारच नाही. उठायला गेलं की माणूस नुसता हँडलला लोंबकळतो. दणका माकडहाडातून शिरतो आणि मानेपर्यंत एकेका मणक्याची हजेरी घेत जातो. इंडियन रोड्स काँग्रेसचं याबाबतीत रीतसर मानक आहे: गोलसर पाठीचा उंचवटा, रुंदी 3.7 मीटर, उंची 10 सेंटीमीटर. म्हणजे गाडीने अलगद चढावं, अलगद उतरावं. आमच्या भागात उंचीचा आकडा लोकांनी मनापासून घेतलाय आणि वर स्वतःची भर घातलीय. रुंदीचा आकडा वाचायच्या आधी डांबर संपलं असावं.

वाहतुकीत या गाडीने माझा स्वभाव बदलला, हे मात्र कबूल केलं पाहिजे. स्कूटरवर मी अस्सल पुणेकर होतो. बस आणि दुभाजक यांच्यात वीतभर फट दिसली की हँडल आपोआप तिकडे वळायचं. आता बाजीराव रोडला बसमागे निमूट उभा राहतो आणि तिच्या मागे चिकटवलेली क्लासची जाहिरात फोन नंबरासकट वाचून काढतो. परवा सिग्नलला झेब्रा क्रॉसिंगच्या मागे थांबलो. पुढे घुसायला जागा नव्हती, म्हणून. वाहतूक हवालदाराने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग जवळ येऊन लायसन मागितलं. असा थांबणारा माणूस बाहेरगावचाच असणार, ही त्याची शंका चूक म्हणता येणार नाही.

पण वळण, दणके, सिग्नल हे सगळं पार्किंगपुढे काहीच नाही. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि फुटपाथकडे उतरता करतात, हे शाळेत कुणी शिकवत नाही. स्कूटर फुटपाथकडे तोंड करून लावली आणि निघताना मागे ओढली, तर उतार आहे हे कळतही नाही. 191 किलो मागे ओढताना रस्ता सिंहगड होतो. रिव्हर्स गिअर नसतो. सीटवर बसून पायाने रेटावं तर बूट घसरतात, उतरून ओढावं तर साइड स्टँड पोटरी शोधतो. लक्ष्मी रोडला हे करत असताना लोक आपल्याला मदत करत नाहीत. थांबून सल्ला देतात. "हँडल सरळ ठेवा." "आधी पुढे घ्या." पुढे फुटपाथ असतो. इथे पार्किंगची बाजू तारखेप्रमाणे बदलते, तर एकाने शांतपणे विचारलं, "उद्या पी-वन आहे की पी-टू? नाही, उद्यापर्यंत निघेल ना, म्हणून विचारलं." आता मी गाडी शेपटाकडून लावतो, तोंड रस्त्याकडे. तशी लावायला दुप्पट वेळ लागतो, पण तेव्हा निदान माणूस ताजा असतो.

आमच्या शेजारच्या नानांकडे जुन्या काळची बुलेट होती, गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात असलेली. त्यांनी माझ्या गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. किक कुठाय ते शोधलं.

"नाना, हिला किक नाही. बटण आहे."

"अरे, मग तू काय करतोस?"

याला उत्तर नव्हतं. मग त्यांनी पायऱ्यांवर बसून सांगितलं, की विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या अँमीटरचा काटा बघत किक हळूहळू दाबायची, काटा मधे आला की डिकॉम्प्रेसर, म्हणजे इंजिनातला दाब सोडणारी कळ, ओढून किंचित पुढे सरकवायची, मग डिकॉम्प्रेसर सोडून एकच किक, पूर्ण. चुकली तर किक उलटी येते आणि नडगीचा हिशेब करते. त्यांनी पायजमा वर करून तो हिशेब दाखवला. एवढं सगळं झाल्यावर जाता जाता त्यांनीही तोच प्रश्न विचारला, जो दूधवाल्यापासून डेंटिस्टपर्यंत प्रत्येकाने विचारलाय. "अ‍ॅव्हरेज किती देते?" डेंटिस्टने तर माझ्या तोंडात आरसा असताना विचारला.

आता भाजी. स्कूटरचा हुक, पाय ठेवायची सपाट जागा, सीटखालचा कप्पा यांना आपण सोय म्हणतो, पण तो खरं तर आपला संसार असतो. त्या जागेत तांदळाचं पोतं, गॅसचा सिलिंडर, भाचा, सगळं बसून गेलेलं आहे. क्रूझरला यातलं काही नाही. मंडईतून पहिल्यांदा येताना पिशवी हँडलला अडकवली. सरळ रस्त्याला ठीक होतं. वळताना पिशवी टाकीला येऊन चिकटायची आणि क्लचची केबल मेथीत गुंतायची. पिशवी टाकीवर ठेवून बघितली. टाकीचा आकार देखणा आहे, थेंबाचा, आणि थेंबावर काही ठेवलं की ते घरंगळतं. शनिपाराच्या सिग्नलला दोन लिंबं गेली, आणि नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू जायचं ते विधिवत गेलं एवढंच समाधान.

तोडगा बायकोने काढला. मोटरसायकलचं निम्मं मागचं चाक झाकलेलं हवं, असा आपल्याकडे नियम आहे. मागे बसणाऱ्याचा पदर, ओढणी आऱ्यांत जाऊ नये म्हणून. त्यामुळे मिलवॉकीच्या पूर्वजांनी स्वप्नातही न पाहिलेली एक वस्तू आपल्या क्रूझरना डाव्या अंगाला लागते: साडी गार्ड. हौशी मुलं गाडी घरी आली की आधी तो काढून माळ्यावर टाकतात. मीही पाना घेऊन बसलो होतो. "अहो, राहू दे तो," ही म्हणाली. तिने दोन मजबूत आकडे आणले, तपकिरी कापडी पिशवी गार्डाला अडकवली, खालून नाडीने बांधली. सायलेन्सर उजवीकडे, मेथी डावीकडे. भाजी शिजत नाही, हलत नाही, क्लचला त्रास नाही. तीनशे एकोणपन्नास सीसीच्या गाडीत कमी होता तो एकच भाग बसला.

रविवारी जुन्या हायवेने लोणावळ्याकडे निघालो. देहूरोड मागे पडल्यावर गाडी एकदम खूश झाली. ती मुळातच जे करायला जन्मली ते करायला मिळालं. साठच्या आसपास इंजिनाची धडधड एका लयीत येते, हात सैल पडतात, पुढे केलेल्या पायांचा अर्थ कळतो. मागचा टेका बायकोला इतका मानवला की वडगावच्या पुढे ती बोलेनाशी झाली. वळून बघतो तर हेल्मेट घालून झोपलेली. इतक्या वर्षांत माझ्या ड्रायव्हिंगवर एवढा विश्वास तिने पहिल्यांदाच दाखवला.

या रस्त्यावर समोरून येणारे मोठ्या गाड्यांवाले एकमेकांना डावा हात खाली सोडून सलाम करतात. काही जण पाय लांबवतात. मीही प्रत्येकाला उत्तर देत गेलो, त्यात कामशेतजवळ पाय लांबवणाऱ्या एकाचा बहुतेक पेटका असावा, कारण तो पुढे लगेच थांबला.

परत येताना कामशेतच्या बाजारात मेथी चांगली दिसली, म्हणून घेतली. पुढे चहाला टपरीवर थांबलो, तर तिथे काळी जाकिटं, गुडघ्यांना कवचं, हेल्मेटवर कॅमेरे अशी पोरांची टोळी. त्यातला एक माझ्या गाडीजवळ उकिडवा बसला. तपकिरी पिशवी, आकडे, नाडीची गाठ, सगळं निरखून झाल्यावर अदबीने म्हणाला, "अंकल, ही सॅडलबॅग भारी आहे. कुठून मागवली?"

"लक्ष्मी रोडवरून," बायको चहा फुंकत म्हणाली. "फ्री मिळते."

"फ्री? कोणत्या मॉडेलवर?"

"पैठणीवर."