तीन दिवस का लागले ते सांगतो

नमस्कार साहेब, तुम्ही दोन स्टार देऊन लिहिलंय की चार ओळींची टेक्स्ट फाइल बनवायला आम्ही तीन दिवस लावले, वर फोनही उचलला नाही. फोनचं खरंय, मनापासून माफी मागतो, दुकानात आम्ही दोघंच असतो. पण तीन दिवसांचं फार लागलं म्हणून इथेच सांगतो.

तुमच्या माणसाने सर्व्हर फॉरमॅट करताना फक्त मोठ्या फायली यूएसबी डिस्कवर घेतल्या, एक-एक केबीच्या सोडून दिल्या. व्हीएमवेअरमध्ये, म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर (व्हीएम) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, डेटा असतो मोठ्या फ्लॅट फाइलमध्ये, पण त्याची कुंडली असते त्या छोट्या डिस्क्रिप्टरमध्ये, तीच ही चार ओळींची टेक्स्ट फाइल. तुमची फ्लॅट 200 जीबीची, म्हणजे 214748364800 बाइट, भागिले 512 केले की 419430400 सेक्टर (डिस्कचे छोटे तुकडे), हा आकडा तंतोतंत लागतो आणि कंट्रोलर, म्हणजे व्हीएमला डिस्क जोडणारा भाग, तोही पूर्वीचाच लागतो नाहीतर विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकतं. एवढं काम अर्ध्या तासाचंच, मी नाही कुठे म्हणतोय?

पण पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, स्नॅपशॉट (तो घेतला की पुढचे सगळे बदल वेगळ्या डेल्टा फाइलमध्ये जातात) घेतलेला का, तुम्ही ठाम नाही म्हणालात. ओरिजिनलला हात लावायचा नाही हा आमचा नियम, म्हणून आधी पूर्ण कॉपी, तुमची डिस्क जुनी त्यामुळे रात्र गेली. कॉपीवर व्हीएम चालू केलं तर टॅलीच्या एंट्र्या मार्चपर्यंतच, आणि तुम्ही फोनवर सरळ म्हणालात की आम्ही डेटा उडवला. मग तुमच्याच डिस्कवर दुसऱ्या फोल्डरमध्ये डेल्टा फाइल सापडली, म्हणजे स्नॅपशॉट होता आणि मार्चनंतरचं सगळं त्यात! व्हीएम एकदा चालू झालं की विंडोज बेस डिस्कवर, म्हणजे मूळ फ्लॅटवर, लिहायला लागतं आणि डेल्टा तिच्याशी जुळत नाही, म्हणून ती कॉपी टाकून दिली, परत नवी कॉपी, परत एक रात्र. मग डेल्टाचा डिस्क्रिप्टर, त्यात पॅरेंट सीआयडी (ही डेल्टा कुठल्या डिस्कची ते सांगणारा ओळख क्रमांक) बेसच्या सीआयडीशी जुळवला, तेव्हा कुठे शेवटच्या बिलापर्यंत सगळं आलं. हेच ओरिजिनलवर केलं असतं तर ते महिने गेलेच होते. दुसऱ्या कॉपीचा एक रुपयाही लावला नाही, आणि रक्कम कामाआधीच सांगितली होती, तुम्ही हो म्हणालात.

फोनचं काहीतरी बघतो, आणि काम कुठवर आलं याचा मेसेजही टाकत जाऊ. दुकान लोकांच्या विश्वासावरच चालतं, जमलं तर रिव्ह्यू परत एकदा बघा. तुमची कॉपी अजून जपून ठेवलीय, नव्या सर्व्हरवर सगळं नीट चालतंय असं कळवलंत की मगच पुसेन.