संघातून खेळाडू वगळण्याची सोपी कृती

परवा सकाळी फिरून आल्यावर कट्ट्यावर मी मार्टी ग्लिकमन या अमेरिकन धावपटूचं नाव काढलं आणि दोन मिनिटांत गप्प बसलो. "पण सुवर्णपदक आलं ना? मग विषय संपला!" इति एक निवृत्त साहेब, शेंगदाण्याची सालं फुंकत. बरोबरच आहे त्यांचं. तेव्हा ज्यांच्या हाती संघ निवडणं आहे, त्यांनी ही १९३६ सालच्या बर्लिन ऑलिंपिकची कृती लिहून घ्यावी.

पोराला आधी भरपूर राबवा. ग्लिकमन, अठरा वर्षांचा न्यूयॉर्कचा पोरगा, ४ बाय १०० रिले, दोन आठवडे बॅटन दे, बॅटन घे.

नकार शर्यतीच्या दिवशी सकाळीच द्या. आधी सांगितलं तर लोक प्रश्न विचारत बसतात.

कारण मात्र भारी हवं. प्रशिक्षक रॉबर्टसन म्हणाले, जर्मनांनी वेगवान धावपटू लपवून ठेवलेत, म्हणून ग्लिकमन आणि त्याचा साथीदार स्टोलर बसतील, त्यांच्या जागी जेसी ओवेन्स आणि मेटकाफ पळतील. लपवून! धावपटू आहे की फडताळातला लाडू? स्पर्धांत उतरल्याशिवाय कुणी जागतिक दर्जाचा होतो का? ग्लिकमननं तिथल्या तिथं हेच विचारलं. बरं, वेगवान चौघेच हवे होते, तर रिले संघातला ड्रेपर कसा राहिला? सरावाच्या शर्यतीत स्टोलर पहिला, ग्लिकमन दुसरा, ड्रेपर तिसरा! पण ड्रेपर आणि चौथा गडी वायकॉफ पडले सहायक प्रशिक्षक क्रॉमवेल यांच्या विद्यापीठाचे. आणि बाहेर बसले कोण? ग्लिकमन आणि स्टोलर, अमेरिकेच्या अॅथलेटिक्स संघातले दोनच ज्यू. हिटलरच्या डोळ्यांदेखत, निव्वळ योगायोगानं! ओवेन्स स्वतः म्हणाला, माझी तीन पदकं झाली, यांना पळू द्या. त्यालाही दटावलं, सांगतो तेवढं कर. अमेरिका ३९.८ सेकंद, विश्वविक्रम. जर्मनी तिसरी, ४१.२. ते लपवलेले धावपटू बहुधा अजून लपूनच आहेत.

ज्यांच्याकडे बोट दाखवलं जातं, त्यांना बढती द्या. ग्लिकमनचा रोख होता त्या एव्हरी ब्रंडेज यांनी, म्हणजे तेव्हाच्या अमेरिकन ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांनी, पुढं वीस वर्षं आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अध्यक्षपद भूषवलं.

एक चूक टाळा: पाय थांबवलेत, तर गळाही थांबवा. हे राहून गेलं आणि ग्लिकमन रेडिओवर न्यूयॉर्कचा आवाज झाला. निक्सचे बास्केटबॉल सामने, जायंट्सचे अमेरिकन फुटबॉल सामने. बास्केटबॉलमध्ये कड्याला न शिवता चेंडू जाळीतून गेला की तो म्हणायचा 'स्विश'. आज सगळेच म्हणतात.

भरपाई द्यायची तर सावकाश. अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीनं १९९८ साली दोघांना मानपत्र दिलं. स्टोलर १९८५ मध्येच वारला होता.

त्याच १९८५ साली ग्लिकमन पुन्हा बर्लिनच्या त्या स्टेडियमात गेला आणि आतून संताप असा उसळला की तो स्वतःच चकित झाला. पुढची दोन ऑलिंपिक युद्धानं खाल्ली होती, ती संधी परत आलीच नाही. आणि साहेब, तुम्ही म्हणता विषय संपला? कुणाचा संपला? तुमच्या गळ्यात पडलं होतं का ते पदक? एकोणपन्नास वर्षं त्या माणसाच्या पोटात आग होती आणि तुम्हाला दोन मिनिटं ऐकवेना, कारण कटिंग गार होत होता!