शटरवरचा क्यूआर कोड

सांगलीत माझे छपाईचे छोटे दुकान आहे. एके काळी लग्नपत्रिका आणि बिलबुके हेच मुख्य काम होते. आता दिवसभरात सर्वांत जास्त निघतात ते क्यूआर कोडचे स्टिकर. त्यातही हल्ली एक नवी मागणी सारखी कानावर येते, ‘ताई, ट्रॅकिंगवाला कोड द्या, ग्रुप वाढवायचा आहे.’ क्लासवाले, जिमवाले, घरबसल्या साड्या विकणाऱ्या भगिनी, निवडणुकीचे इच्छुक, अशा सर्वांना आपापल्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये माणसे हवी असतात आणि ती नेमकी कोणत्या पत्रकावरून आली हेही कळायला हवे असते. या मागणीत मला काही गैर वाटत नाही. मात्र असा हिशेब कशासाठी ठेवायचा, याविषयीचे माझे मत गेल्या दोन पावसाळ्यांत पार बदलून गेले आहे.

आमचा ग्रुप पाणीपातळीचा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते आणि २०२१ च्या जुलैत त्याने पुन्हा ५० फुटांचा टप्पा ओलांडला. इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे आकडे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. त्या दिवसांत पाण्याच्या आधी अफवा घरात शिरतात. मागच्या पुराचे फोटो आजचे म्हणून फिरतात आणि कोयनेतून किती क्युसेक सोडले याचे चार ग्रुपांवर चार आकडे येतात. म्हणून आम्ही काही जणांनी ठरवले, की प्रशासनाने जाहीर केलेली पातळी आणि विसर्ग एवढेच, तेही वेळ घालून, एका ठिकाणी टाकायचे. गप्पा, शुभ सकाळ, अंदाज यांपैकी काहीही नाही. साध्या ग्रुपला १०२४ जणांची मर्यादा आहे, आणि त्यात प्रत्येकाचा नंबर सर्वांना दिसतो. शेजारच्या मुलींना आणि सुनांना ते नको होते, आणि मलाही नको होते. म्हणून आम्ही व्हॉट्सॲपचीच कम्युनिटी, म्हणजे अनेक ग्रुप एका छत्राखाली आणणारी सोय, वापरली. तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये सदस्यांचे नंबर फक्त ॲडमिनांना दिसतात.

माणसे जोडण्यासाठी उन्हाळ्यातच स्टिकर लावायचे ठरले आणि तेव्हा पहिली अडचण समोर आली. व्हॉट्सॲपची आमंत्रणाची लिंक एकच असते. ती मारुती चौकातून आलेल्यालाही तीच आणि कर्नाळ रोडवरून आलेल्यालाही तीच, त्यामुळे कोण कुठून आले ते ती सांगत नाही. शिवाय कुणी उपद्व्यापी माणूस ग्रुपमध्ये शिरला म्हणून लिंक बदलली, तर छापलेला प्रत्येक कोड त्याच क्षणी रद्दी होतो. टेलिग्रामवर एकाच ग्रुपसाठी हव्या तेवढ्या लिंक काढता येतात, प्रत्येकीला वेगळे नाव देता येते आणि कुठल्या लिंकवरून किती जण आले ते तिथेच दिसते. सोय उत्तम आहे, पण ज्यांच्यासाठी हा खटाटोप त्यांच्या फोनमध्ये टेलिग्राम नाही, तेव्हा तो विषय तिथेच संपला.

मग उरतो तो बाजारातला ‘डायनॅमिक’ कोड. त्यात मूळ लिंक नसतेच. मधल्या एका सेवेचा छोटा वेब-पत्ता असतो. स्कॅन करणारा आधी तिथे जातो, तिथे त्याची नोंद होते आणि मग त्याला पुढे पाठवले जाते. नोंदीत वेळ, फोनचा प्रकार आणि इंटरनेट जोडणीवरून काढलेले अंदाजे ठिकाण असते. हे ‘अंदाजे’ किती अंदाजे असते, ते आमच्या पहिल्याच अहवालाने दाखवून दिले. गावभागात चिकटवलेला कोड स्कॅन करणारे बहुतेक जण त्या अहवालात पुण्या-मुंबईचे निघाले, कारण मोबाइलच्या इंटरनेटचा पत्ता मोठ्या शहराच्या नावावर दिसतो. तेव्हापासून मी गिऱ्हाइकांना सांगते, की ठिकाण हवे असेल तर ते कोडमध्येच घाला, म्हणजे जागा तितके कोड करा, आणि नकाशाच्या रंगीत ठिपक्यांवर विसंबू नका.

आम्ही बारा जागांसाठी बारा कोड केले. महिन्याभराने आकडे पाहिले, तर कॉलेजजवळच्या चहाच्या टपरीचा कोड सर्वांत पुढे होता. आम्ही खूश झालो, पण ते सुख फार टिकले नाही. तिथली बरीचशी मुले वसतिगृहात राहणारी होती, त्यांनी कुतूहलापोटी स्कॅन केले होते, आणि कम्युनिटीत त्या मानाने फारच थोडी आली. एकाच मुलाने पाच वेळा स्कॅन केले तरी अहवालात पाच दिसतात, ही गोष्ट आम्हाला उशिरा लक्षात आली. स्कॅन करणे, लिंक उघडणे, सामील होणे आणि पाऊस सुरू होईपर्यंत ग्रुपमध्ये टिकणे, या चार वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, आणि कोड विकणारे मात्र पहिलीचाच आकडा मोठ्या अक्षरांत दाखवतात.

याच्या अगदी उलट, दत्तनगरच्या एका किराणा दुकानाचा कोड जवळजवळ निपचित पडला होता. पाणी वाढू लागले की सर्वांत आधी ज्या वस्त्या हलवाव्या लागतात त्यांतली ही एक. आमच्या दृष्टीने सगळ्या बारा कोडांत हाच महत्त्वाचा. जे थोडेफार स्कॅन झाले होते त्यांच्या वेळा पाहिल्या, तर ते सकाळी आठच्या आधी किंवा रात्री साडेनऊनंतरचे होते. मधला अख्खा दिवस कोरा. मी शेवटी स्वतः तिथे गेले. दुकान उघडे होते, गर्दीही होती, आणि स्टिकर कुठेच दिसेना. काकांना विचारले तर त्यांनी हसत वर बोट दाखवले. आमच्या पोराने स्टिकर शटरवर चिकटवला होता. दुकान उघडले की शटर गुंडाळले जायचे आणि त्याच्याबरोबर कोडही वर जायचा. मी वीस वर्षे छपाईत आहे आणि हे माझ्या डोक्यात आले नव्हते. तो स्टिकर आता वजनकाट्याशेजारी, सुटे पैसे मोजताना नजर जाईल अशा जागी आहे.

माझे मत बदलले ते या शटरपाशी. कोणती जागा ‘चालते’ हे पाहून तिथेच आणखी पत्रके ओतायची, असा हिशेबाचा रूढ उपयोग आहे. ज्याला फक्त डोकी मोजायची आहेत त्याला तो ठीक आहे. पण ज्या ग्रुपचे काही काम आहे, त्याने आकडे खालून वाचायला हवेत. कुठे शून्य आहे, आणि तिथे शून्य का आहे? नदीकाठच्या आणखी एका गल्लीतले शून्य पाहून आम्ही गेलो, तेव्हा कळले की बऱ्याच घरांत स्मार्टफोन एकच आहे आणि तो दिवसभर मुलाबरोबर किंवा नवऱ्याबरोबर कामावर जातो. तिथे कितीही देखणा कोड छापला तरी उपयोग शून्यच राहिला असता. त्या गल्लीत पिठाच्या गिरणीबाहेर फळा टांगला आहे; गिरणीवाल्या वहिनी ग्रुपमधला आकडा पाहून त्यावर खडूने लिहितात. आमच्या यादीत ती एक सदस्य दिसते, आणि तिच्यामागे सगळी गल्ली असते.

दुसरी चूक जास्त महागात पडली. आम्ही घेतलेली कोडची सेवा फुकट होती, आणि फुकटची मुदत संपल्याचे आम्हाला जुलैत, भर पावसात कळले. कोड स्कॅन केला की पैसे भरण्याचे इंग्रजी पान उघडू लागले. आधीच लोक विचारत होते, ‘ताई, हे स्कॅन केल्यावर खात्यातून पैसे जाणार नाहीत ना?’ दुकानातल्या कोडवर दुसराच कोड चिकटवून पैसे लाटण्याचे प्रकार सर्वांनी ऐकलेले असतात, तेव्हा ती शंका रास्तच होती. त्यात आमच्याच कोडवर पैशांची मागणी! एका रात्रीत बारा स्टिकर बदलले, पण गेलेला विश्वास स्टिकरसारखा बदलता येत नाही; काही घरांनी त्यानंतर आमचा कोड पुन्हा स्कॅन केला नाही.

त्यानंतर आम्ही स्वतःच्या नावाचा छोटा पत्ता घेतला. प्रत्येक जागेला त्या पत्त्यापुढे एक आकडा, आणि सर्व्हरवर फक्त त्या आकड्यापुढची संख्या वाढते. कुणाचा फोन, कुणाची जोडणी, काहीही साठवले जात नाही. उद्या व्हॉट्सॲपची लिंक बदलावी लागली तरी छापलेले कोड तसेच चालतील. याचा छपाईतला फायदा माझ्यासारखीलाच जास्त जाणवतो. कोडमध्ये मजकूर जितका लांब तितके चौकोन बारीक होतात. सर्वांत वरची, म्हणजे सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येईल अशी दुरुस्तीपातळी ठेवली, तर २४ अक्षरांचा पत्ता २९ बाय २९ चौकोनांत बसतो. व्हॉट्सॲपच्या ४८ अक्षरी लिंकला ४१ बाय ४१ लागतात आणि जाहिरातवाले कोण कुठून आले ते कळावे म्हणून मागे शेपट्या जोडून जी सव्वाशे अक्षरांची लिंक आणतात, तिला ६१ बाय ६१. तीन सेंटिमीटरच्या स्टिकरवर, चिखलाचे शिंतोडे उडालेले असताना, स्वस्त फोनच्या कॅमेऱ्याला यातला कोणता वाचता येईल ते सांगायला नको. (आणि कृपा करून कोडभोवतीची चार चौकोनांची पांढरी पट्टी कापू नका. डिझाइन ‘भरलेले’ दिसावे म्हणून ती कापून आणणारे रोज येतात. चकचकीत लॅमिनेशनही नको, ट्यूबलाइट त्यात चमकते.)

ज्यांना पत्ता विकत घ्यायचा नाही त्यांच्यासाठी एक सोपा मार्ग आहे, आणि तो मला मनापासून आवडतो. व्हॉट्सॲपवर थेट संदेश पाठवण्याची लिंक करता येते आणि तिच्यात मजकूर आधीच भरून ठेवता येतो. कोड स्कॅन केला की ‘पाणीपातळी हवी आहे, टिळक चौक’ असा संदेश तयार दिसतो. तो पाठवायचा की नाही, हे त्या माणसाच्या हातात असते. पाठवला की आपण त्याला लिंक देतो. कोण कुठून आले ते कळते, आणि आपण काय सांगत आहोत हे सांगणाऱ्यालाही दिसते. तोटा एवढाच, की आपला नंबर भिंतीवर लागतो आणि पाणी ४० फुटांवर गेले की रात्री दोन वाजताही फोन वाजत राहतो.

गेल्या महिन्यात एका क्लासच्या संचालकांनी मला विचारले, की स्कॅन करणाऱ्या पालकांचे नंबर परस्पर काढून देता येतील का. नुसत्या स्कॅनमधून नंबर मिळत नाही, हे त्यांना पटेना. मग मी त्यांना २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची आठवण करून दिली, तेव्हा ते दुसरीकडे छापून घेतो म्हणाले. हा कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत जन्माला आला तो मोटारीचे सुटे भाग कारखान्यात मोजण्यासाठी. वस्तू मोजण्यात तो अजूनही पटाईत आहे, आणि माझ्या लेखी स्टिकर ही वस्तूच आहे. माझा स्टिकर कुठे चालला, कुठे निजला, हे मला कळले पाहिजे. तो स्कॅन करणारी बाई रात्री किती वाजता जागी होती, याच्याशी मला काय करायचे आहे?

यंदा सतरा कोड छापले आहेत. प्रत्येकाखाली मोठ्या अक्षरांत तीन ओळी आहेत: इथे कृष्णेची पाणीपातळी कळते, पैसे लागत नाहीत, आणि या जागेवरून किती जणांनी कोड उघडला एवढेच आम्ही मोजतो. सूर्यवंशी प्लॉटातले दोन अजून लावायचे राहिले आहेत. गिरणीवाल्या वहिनींनी नवा स्टिकर नको म्हणून सांगितले. त्यांना खडूचा एक डबा हवा आहे आणि पावसाचे पाणी फळ्यावर येऊ नये म्हणून वर एक पत्रा.